शेजारच्याचे मागणे

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. कन्येस आशीर्वाद.

आपले दूरध्वनीवरील संभाषण तू मध्येच थांबवलेस, त्यामुळे माझे उत्तर माझ्याजवळच राहिले. उत्तर द्यायचे राहून गेले की मला अपचन झाल्यासारखे होते, असे तुझी आई म्हणत असे. म्हणून लिहितो.

तुझी आई येथे राहिल्यामुळे गेली आणि ती येथे माझ्या हट्टामुळे राहिली, हे तुझे विधान मला मान्य नाही. ती हृदयविकाराने गेली. त्या दिवशी चौकाचौकांत अडथळे उभे केले होते हे खरे. तरीही रुग्णवाहिका आली. चालकाने प्रत्येक अडथळ्यापाशी उतरून, हात जोडून, एके ठिकाणी तर चक्क आरडाओरडा करून वाट काढली. रुग्णालयात ती शुद्धीवर होती. माझ्याशी एक वाक्य बोलली. ते तुला सांगणार होतो, तेवढ्यात तू फोन ठेवलास. आता पुढे केव्हातरी.

माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाक जमू लागला आहे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी नव्याने लिहून लावल्या. मिठाच्या आणि साखरेच्या डब्यावर रासायनिक सूत्रे लिहिल्याबद्दल तुझी आई माझी आयुष्यभर थट्टा करीत आली, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पूर्ण हयात काढलेल्या माणसाला बिनचिठ्ठीच्या बाटलीला हात लावणे शक्य नाही. विद्यार्थ्यांनाही मी पहिल्या तासाला हेच सांगत असे, की बाटलीत काय आहे ते लिहिलेले नसेल तर ती बाटली घातक समजावी, मग आत पाणी का असेना.

शहराविषयी विचारशील तर बाजार उघडतो, दिवेलागणीला बंद होतो. भिंतींवर तेच ते चेहरे लागले आहेत. लोक फोनवर हवामानाविषयी फार बोलतात. तुझी जुनी पत्रे उघडून पुन्हा चिकटवलेली असत, तशीच माझीही जात असावीत. हे काम करणाऱ्या गृहस्थांना माझी विनंती आहे, की डिंक कमी वापरावा. इतक्या डिंकाने अक्षरे पुसट होतात आणि डिंकही हलक्या प्रतीचा आहे.

काल कपाट आवरताना तुझ्या आईची ती उशी सापडली. पाठदुखीमुळे ती दर बुधवारी बैठकीला नेत असे, ती. तुला आठवत असेल, मी तिला त्या दारापर्यंत सोडायचो आणि स्वतः समोरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचो. आत काय चालते याविषयी मला कधी कुतूहल वाटले नाही. प्रार्थनेचा आणि माझा संबंध नव्हता. तिच्या येण्या-जाण्याचा आणि माझा होता. उशीवर आतल्या बाजूने बैठकीच्या नावाची पट्टी शिवलेली दिसली. म्हणजे ती वस्तू त्यांची आहे. परत करायला हवी.

मी घर विकून तुझ्याकडे कायमचे यावे, या तुझ्या प्रस्तावाचा विचार करीत आहे. लवकरच कळवतो.

तुझे वडील

गुरुवार, २० फेब्रुवारी

चि. कन्येस आशीर्वाद.

उशी परत करण्यास गेलो होतो. ती अजून माझ्याकडेच आहे. का, ते लिहितो.

दारात एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे आणि बैठकीची किल्ली त्यांच्याकडे असते. मी माझा परिचय द्यायला तोंड उघडले, तोच ते म्हणाले, “या बाकवाले, आज आत?” मागून एक बाई म्हणाल्या, “अगं बाई, बाकवाले आले!” आणि बघता बघता सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली. इतकी वर्षे त्यांनी मला खिडकीतून पाहिलेले आणि माझे नावही ठेवून टाकलेले. पाव भाजणारे एक धिप्पाड गृहस्थ पुढे झाले. मोठ्या आपुलकीने त्यांनी विचारले, “गुडघे कसे आहेत सर? डावा जास्त दुखतो ना?” मी थक्क झालो. माझ्या डाव्या गुडघ्याची माहिती तुझ्या आईखेरीज कोणालाच नव्हती.

खुलासा नंतर झाला. खोली साधीच आहे, पूर्वी तेथे लाकूडसामानाचे गोदाम असावे. खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही. एक पंखा फिरताना टक् टक् करतो. ठरलेला पुरोहित कोणी नाही. थोडा वेळ सगळे गप्प बसतात, मग थोडे गातात, मग मागण्या होतात. आणि मागण्यांची त्यांची रीत मात्र मी कोठे ऐकली नव्हती. येथे कोणी स्वतःसाठी मागत नाही. आपल्याला काय हवे ते शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या कानात सांगायचे, आणि त्याने उभे राहून ते आपल्या वतीने मोठ्याने मागायचे. सगळ्यांनी म्हणायचे, “तसे होवो.” म्हणजे तुझ्या आईने माझ्यासाठी जे काही मागितले, ते एकूणएक या लोकांनी दर बुधवारी ऐकलेले आहे. माझे गुडघे, माझा रक्तदाब, मी भोपळा खात नाही हे, आणि आणखी काय काय ते मी विचारण्याचे धाडस केले नाही.

तिची खुर्ची कोणी घेतलेली नव्हती. तिच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई बसतात. उशी त्यांनीच शिवलेली. मी ती पुढे केली, तर त्यांनी ती सरळ खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, “बसा भाऊ. वेळ झाली.” मी बसलो. असभ्यपणे निघून येणे मला जमले नाही एवढेच.

मागण्यांची वेळ आली, तशा ताई माझ्याकडे झुकल्या. “तुमचं काय मागू?” मी म्हणालो, मला काहीही नको. त्या उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हे पहिल्यांदाच आत आलेत. यांना काही नको आहे, असं यांचं म्हणणं आहे.” खोलीत खसखस पिकली, आणि सगळे म्हणाले, “तसे होवो.” प्रामाणिकपणे सांगतो, तुझी आई गेल्यापासून मीही प्रथमच हसलो असेन.

मग त्यांचे मागणे माझ्या कानात आले. “नेहमीचंच. जो दूर आहे, त्याच्यासाठी.” मी विचारले, दूर म्हणजे कोण आणि कुठे? त्या म्हणाल्या, “आता नको भाऊ. तेवढंच म्हणा.” मी तेवढेच म्हटले. सगळे ‘तसे होवो’ म्हणाले, पण तो आवाज आधीच्यासारखा नव्हता. आणि मागे, दाराजवळ, हातात छत्री घेऊन एक तरुण गृहस्थ उभे होते. ते काहीच म्हणाले नाहीत. बाहेर पाऊस नव्हता.

परत येताना ताईंनी रस्त्यात सांगितले. त्यांचा मुलगा रुग्णवाहिका चालवतो. मोठ्या चौकात गोळीबार झाला, त्या दिवशी त्याने जखमींना उचलून रुग्णालयात नेले, कोणत्या बाजूचे हे न विचारता. नंतर रुग्णालयाच्या फाटकातूनच त्याला उचलून नेले. जिथे जिथे विचारले तिथे एकच उत्तर मिळते, की असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. “आहे म्हणाले तरी पुरे,” त्या म्हणाल्या. “सोडू नका म्हणावं हवं तर. पण आहे म्हणा.”

आणखी एक. तुझ्या आईला नेणारा चालक तोच होता. त्यांना ते ठाऊक होते. मला नव्हते.

तुझे वडील

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चि. कन्येस आशीर्वाद.

काल माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती चूक होती की नाही याविषयी बैठकीत दुमत आहे. तुला ती जशी घडली तशी सांगतो.

आठवडाभर ‘जो दूर आहे’ हे शब्द माझ्या डोक्यात घोळत होते. मी इतरांच्या मागण्याही लक्ष देऊन ऐकल्या होत्या. कोणी म्हणे, ‘ज्यांच्या घरी त्रास आहे.’ कोणी म्हणे, ‘आपल्यातल्या एकासाठी.’ पूर्वी असे नव्हते म्हणे. पूर्वी घराचा रंग आणि म्हशीचे वेत सांगण्यापर्यंत तपशील असे, असे घड्याळवाले हसत सांगतात. दिवस फिरले तशा लोकांनी एकेक चिठ्ठी काढून टाकली आणि आता सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. हे मला सहन होईना. ज्याच्यापुढे मागायचे तो सर्वज्ञ आहे, असे ही मंडळी मानतात; असेल. पण ‘तसे होवो’ म्हणणाऱ्यांना तरी कळायला नको का, की काय होवो?

ताई माझ्या कानात नेहमीचेच बोलल्या. मी उभा राहिलो आणि त्यांच्या मुलाचे पूर्ण नाव घेतले. तो रुग्णवाहिका चालवतो हे सांगितले. कोणत्या रुग्णालयाच्या फाटकातून, कोणत्या रंगाच्या गाडीतून, अंगावर कोणत्या खात्याचे गणवेश असलेल्या माणसांनी नेले, हे सांगितले. “याच माणसाने माझ्या पत्नीला रुग्णालयात पोहोचवले,” असेही सांगितले. “तो आमच्याकडे आहे, असे त्याला नेणाऱ्यांनी त्याच्या आईला सांगावे, एवढे मागणे आहे.” प्रयोगाचे निरीक्षण सांगावे तसे मी ते सांगितले. मला दुसऱ्या पद्धतीने बोलता येत नाही.

कोणीही ‘तसे होवो’ म्हणाले नाही. पंखा टक् टक् करत राहिला. छत्रीवाले गृहस्थ वळले आणि बाहेर पडले. बैठक तिथेच मोडली.

पाववाल्यांनी मला दारात गाठले. “सर, तुम्ही काल-परवा आलात. आम्ही इथे कसे टिकून राहिलोय ते तुम्हाला माहीत आहे का? माझ्या घरात तीन लेकरं आहेत.” त्यांचा राग योग्य होता. ताई तशाच निघून गेल्या. त्यांची शाल खुर्चीवरच राहिली. ती घडी करून मी घरी आणली आहे.

मी जे बोललो ते असत्य नव्हते. परंतु ते मागणे माझे नव्हते, त्यांचे होते. आणि त्यांनी मला जेवढे दिले त्याहून अधिक मी मागितले, हे मला रात्रभर खटकत राहिले. त्यांच्या मुलाचे यामुळे काही बरेवाईट झाले तर? हा प्रश्न मी येथे लिहितो, कारण या घरात तो विचारायला दुसरे कोणी नाही.

तुझ्या प्रस्तावाचे उत्तर आणखी थोडे लांबवतो आहे. ही गोष्ट अर्धवट टाकून कोठेही जाणे मला शक्य नाही.

तुझे वडील

गुरुवार, १३ मार्च

चि. कन्येस आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात पत्र नव्हते. पाय सुजले होते. एका सरकारी कचेरीत बराच वेळ रांगेत उभे राहावे लागले. आता सूज उतरली आहे. काळजीचे कारण नाही.

कचेरीत मला सौजन्याने वागवण्यात आले, असे मी येथे नमूद करतो, आणि डिंकवाल्या गृहस्थांनी त्याची नोंद घ्यावी. एका अधिकाऱ्याने विचारले, की बुधवारची ती प्रार्थना कोणाची? मी म्हणालो, शब्द माझे होते. “म्हणजे मागणी तुमची?” नाही, आमच्याकडे कोणी स्वतःसाठी मागत नाही. “मग त्या बाईंची?” त्यांनी फक्त ‘जो दूर आहे’ एवढेच सांगितले होते, बाकीचा तपशील मी जोडला. “मग जबाबदार कोण?” मी त्यांना रीत समजावून सांगितली. मागणे ज्याच्या मनातले, तो ते बोलत नाही. जो बोलतो, त्याचे ते नसते. ‘तसे होवो’ म्हणणाऱ्या सर्वांचे ते होते, पण त्या दिवशी तसे कोणी म्हटले नाही, सबब ते अद्याप कोणाचेच नाही. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत कोड्यात पडलेला विद्यार्थी मी ओळखतो. शेवटी त्याने मला जायला सांगितले आणि पुन्हा असे बोलू नका, असे बजावले.

हे सगळे झाल्यावर काल बुधवार होता.

मी लवकर गेलो आणि माझ्या जुन्या बाकावर बसलो, मांडीवर उशी आणि ताईंची शाल. दार बंद होते. मी मनाशी ठरवले होते, की कोणी आले नाही तर ते माझ्यामुळे, आणि तसे झाल्यास ताईंच्या घरी जाऊन शाल द्यायची, क्षमा मागायची आणि तुझ्याकडे निघायचे.

आधी घड्याळवाले आले. त्यांनी कुलूप काढले, बाकाकडे पाहिले आणि म्हणाले, “आता बाहेर बसायची सोय नाही तुम्हाला.” त्यांच्या पाठोपाठ दोघी बहिणी आल्या, पोस्टातून निवृत्त झालेले एक जोडपे आले. छत्रीवाले आले आणि आपल्या जागी उभे राहिले. मग पाववाले आले, आणि या खेपेस पत्नीला आणि तिन्ही मुलांना घेऊन. मी उठून उभा राहिलो. “बसा सर,” ते म्हणाले. “बायको म्हणाली, घरात बसून घाबरायचं तर तिथे जाऊन घाबरू.”

सगळ्यांत शेवटी ताई आल्या. मी शाल पुढे केली. त्यांनी ती खांद्यावर घेतली, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि माझ्या कानात म्हणाल्या, “माझं मागणं सांगा. मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं तसंच. नाव नीट घ्या, आणि आडनाव गडबडीत गिळलं होतं तुम्ही.”

मी ते नीट घेतले.   मग पाववाल्यांच्या सर्वांत धाकट्या मुलीने, कोणी न सांगता, एकटीनेच म्हटले, “तसे होवो.” आणि मग सगळी खोली म्हणाली.

त्यानंतरचे मला तुला सांगता येईल तसे सांगतो. पोस्टातल्या गृहस्थांनी शेजारणीच्या वतीने उठून तिच्या भाच्याचे नाव घेतले, तो कोणत्या महाविद्यालयात शिकत होता ते सांगितले, कोणत्या दिवसापासून घरी आला नाही ते सांगितले. एका बहिणीने दुसरीच्या वतीने तिच्या नोकरी गेलेल्या नवऱ्याचे नाव घेतले. एकेक बाटलीवर चिठ्ठी लागत गेली. शेवटी घड्याळवाल्यांच्या वतीने पाववाले उभे राहिले, आणि म्हणाले, “यांना भीती वाटते. नाव भीतीच. दुकानाचं शटर वाजलं की वाटते. ती कमी व्हावी.” त्याला ‘तसे होवो’ सर्वांत मोठ्याने झाले.

मी श्रद्धावान झालो आहे असा दावा करीत नाही. मी कोणाला उद्देशून बोलतो, हे मला अद्याप ठाऊक नाही. पण मी एकटा बोलत नव्हतो, आणि या शहरात वर्षभरात मला प्रथमच असे वाटले, की उद्या या देशात माणसे राहतील.

तुझे वडील

गुरुवार, १० एप्रिल

प्रिय खारूताई,

या नावाने तुला हाक मारण्याचा हक्क तुझ्या आईचा होता. लहानपणी तू बिस्किटे माझ्या प्रयोगशाळेच्या कोटाच्या खिशात लपवून ठेवायचीस म्हणून तिने ते ठेवले. मी ते कधी वापरले नाही, कारण मला ते पोरकट वाटे. आता मला ते सोयीचे वाटते.

हे पत्र टपालाने येणार नाही. पाववाल्यांची मेहुणी तुझ्या देशात निघाली आहे, तिच्या पिशवीतून येईल. त्यामुळे त्याला परका डिंक लागलेला नाही आणि मी मोकळेपणाने लिहू शकतो.

प्रथम महत्त्वाचे. ताईंचा मुलगा आहे. गेल्या सोमवारी त्यांना बोलावून सांगण्यात आले, की तो अमुक तुरुंगात आहे आणि महिन्यातून एकदा भेटता येईल. आधी ‘नाही’ म्हणणारे तेच खाते, तेच टेबल. जाळीपलीकडून त्यांनी त्याला पाहिले. वाळला आहे, दाढी वाढली आहे, एक दात पडला आहे. त्याने पहिला प्रश्न केला, “माझी गाडी कोण चालवतंय? क्लच जपून वापरायला सांगा.” ताईंनी हे बैठकीत सांगितले तेव्हा हसावे की रडावे ते कोणाला कळेना, म्हणून सगळ्यांनी दोन्ही केले. तो सुटलेला नाही. खटला कोणता तेही सांगत नाहीत. पण आता त्याच्या नावाने अर्ज करता येतो, वकील देता येतो, डबा पाठवता येतो. जो नव्हता, तो आहे. आणि भाच्याविषयी विचारणाऱ्यांनाही परवा ‘पाहतो’ असे उत्तर मिळाले. ‘नाही’ असे नाही.

दुसरे. पाय रांगेत उभे राहून सुजले, हे मी लिहिले ते पूर्ण खरे नव्हते. रांग नव्हती. त्या कचेरीत मला सकाळपासून अंधार पडेपर्यंत एका भिंतीपाशी उभे करून ठेवले होते. समोर रिकामी खुर्ची होती. तुला तेव्हा सांगितले असते तर तू पहिल्या विमानाने आली असतीस, आणि विमानतळावर तुझे काय झाले असते कोण जाणे. त्या भिंतीपाशी मला डाव्या गुडघ्याची फार आठवण झाली. मग हेही आठवले, की या गुडघ्यासाठी एका खोलीतली माणसे वर्षानुवर्षे ‘तसे होवो’ म्हणत आली आहेत. हसू नकोस. मी उभा राहू शकलो.

त्यामुळेच त्या बुधवारी, नावे घेऊन झाल्यावर, छत्रीवाले मागे अजून उभेच आहेत हे पाहून मला राहवेना. मी एक खुर्ची उचलून त्यांच्यापाशी नेली. ते गोंधळले. “ड्युटीवर आहे, सर.” मी म्हणालो, ड्युटी बसूनही करता येते. ते बसले. आता आमच्याकडे जो बसतो त्याला शेजारी असतो. तो नियमच आहे. पाववाले त्यांच्याकडे झुकले आणि अगदी सहज विचारले, “तुमचं काय मागू?” त्या तरुणाने छत्री खुर्चीला टेकवली. मग कानात काही सांगितले. पाववाले उठले. “यांच्या आईला दिसेनासं झालंय. शस्त्रक्रियेची तारीख मिळत नाही. ती मिळावी.”  मग ताईंनी सर्वांआधी म्हटले, “तसे होवो.” त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा अजून ‘नव्हता’, हे लक्षात घे.

हे मी आधीच्या पत्रात लिहिले नाही, त्याचे कारण तू ओळखले असशील. ते अजूनही दर बुधवारी येतात. ते काय लिहून देतात ते मला ठाऊक नाही. ताईंच्या मुलाविषयी कोणी काय बोलले, तेही ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही.

तिसरे म्हणजे तुझा प्रस्ताव. मी येणार नाही. तुझी आई रुग्णालयात माझ्याशी जे एक वाक्य बोलली ते आता सांगतो. ती म्हणाली, “बुधवारी ताईंच्या शेजारी कोण बसेल?” मला वाटले, तिला भ्रम झाला आहे, मी तिला गप्प राहायला सांगितले. आता त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. त्या खोलीत शेजारची खुर्ची रिकामी राहिली, तर त्या माणसाचे मागणे मनातच राहते. ती जागा आता माझी आहे. तिथे बसणे, नाव नीट घेणे आणि आडनाव न गिळणे, एवढे काम मला येते आणि ते मी करणार आहे. तू मला हट्टी म्हणशील. पूर्वी मी हट्टी होतो तेव्हा तू फोन ठेवलास. या वेळी ऐकून घे, कारण या वेळी मला कारण आहे.

आता शेवटचे. काल मागण्यांच्या वेळी मी ताईंना म्हणालो, आज माझेही एक आहे. त्यांनी चष्मा पुसला, जणू कानाने नव्हे, डोळ्यांनीच ऐकायचे आहे. मी सांगितले. त्या हसल्या. “भाऊ, हे तर मला पाठ आहे. वहिनी दर बुधवारी हेच मागायच्या. गुडघे बिडघे सगळं नंतर. आधी हे, की त्या दोघांना मी मध्ये नसताना बोलता यावं.”

 मग मी म्हणालो, चिठ्ठी पूर्ण लावा.

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी तुझे पूर्ण नाव घेतले, तुझे शहर, तुझे काम, तू थंडीतही खिडकी उघडी टाकून झोपतेस हेसुद्धा, जे मी सांगितले नव्हते आणि बहुधा तुझ्या आईकडून आले असावे. “यांच्या मुलीने यांच्याशी बोलावं,” त्या म्हणाल्या, “आणि यांनी मध्येच तिचं म्हणणं दुरुस्त करू नये.” हा दुसरा भाग माझा नव्हता. पण सगळ्यांनी दोन्हींना ‘तसे होवो’ म्हटले. छत्रीवाल्यांनीही म्हटले. मी ऐकले.

परिणाम असा, की खोलीभर माणसे आता तुझ्या उत्तराची वाट पाहत आहेत. आज सकाळी पाव घ्यायला गेलो, तर गल्ल्यावरून पहिला प्रश्न, “आलं का?” मी म्हणालो, अहो, तिला अजून पत्रसुद्धा गेलेले नाही. “मग लवकर लिहा की,” असे उत्तर मिळाले आणि मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईंनीही मान डोलावली. मला हे जरा अवघड होते.

तुझे पत्र आलेच, तर ते माझ्याआधी छत्रीवाल्यांच्या खात्यात उघडले जाईल. काल बैठक सुटल्यावर मी त्यांना गाठले. मजकूर सांगू नका, पण आले एवढे तरी सांगाल का? त्यांनी मान हलवली. “नियमात बसत नाही, सर.” चार पावले गेले आणि परत आले. “एक काम करतो,” ते हळूच म्हणाले. “ज्या बुधवारी मी छत्री उघडून आत येईन, त्या बुधवारी समजा.”

मी ताईंना सांगून खुर्ची थोडी फिरवून घेतली आहे. आता तिथून दार दिसते.

तुझा,
बाबा